७० डिग्रीला गेलेलं सँपल

रोटाव्हॅपच्या, म्हणजे व्हॅक्यूममधे सॉल्व्हंट उडवायच्या मशीनच्या, गरम बाथचा आकडा मी बघितलाच नाही. आधी वापरणाऱ्याने त्याच्या कामासाठी ७० वर ठेवला होता, मी फ्लास्क लावला, व्हॅक्यूम सुरू केला आणि टोल्युइन (माझे सोन्याचे कण ज्यात होते ते सॉल्व्हंट) उडून जाईपर्यंत वही लिहीत बसले. वीसेक मिनिटांनी मान वर केली तर तळाशी जो काळा मेणचट थर यायला हवा होता तो आलाच होता, पण काचेच्या कडेकडेने, जिथे द्रव सगळ्यात आधी सुकला होता तिथे, एक पातळ पिवळी झळाळी चढली होती. आरसाच. खऱ्याखुऱ्या सोन्याचा. नवीन टोल्युइन घालून फ्लास्क हलवला, काळा थर अर्धामुर्धा विरघळला, तपकिरी पाणी झालं, आरसा मात्र जागचा हलला नाही.

ज्यांनी सोन्याचे नॅनोकण कधी बनवले नाहीत त्यांच्यासाठी सांगते, यात एवढं वाईट वाटण्यासारखं काय होतं. माझ्या फ्लास्कमधे साधारण २ नॅनोमीटरचे कण होते आणि प्रत्येक कणाच्या अंगावर डोडेकेनथायोल नावाच्या रेणूंचं पांघरूण होतं, म्हणजे १२ कार्बनची शेपटी आणि टोकाला सल्फर, सल्फरने सोनं धरलेलं आणि शेपट्या बाहेरच्या बाजूला. १९९४ मधे ब्रुस्ट आणि शिफ्रिन यांच्या ग्रुपने ही पद्धत दिली आणि तेव्हापासून जगभरच्या लॅबमधे ती चालते, कारण असे कण सुकवून पावडर करता येतात, बाटलीत ठेवता येतात आणि हवे तेव्हा परत टोल्युइनमधे विरघळवता येतात, एखादं साधं ऑर्गॅनिक कंपाउंड असल्यासारखे. त्यांचा रंगही सोनेरी नसतो, काळपट तपकिरी असतो. सोनेरी रंग दिसला याचा अर्थ कण आता कण राहिलेले नाहीत, एकमेकांत मिसळून गेलेत, आणि एकदा मिसळले की ते परत सुटे करायला कुठलंच सॉल्व्हंट कामाला येत नाही.

आता सोनं वितळतं १०६४ अंश सेल्सिअसला. माझा बाथ होता ७० ला. मधे जवळपास हजार अंशांचं अंतर. मग झालं काय?

पहिलं उत्तर सगळेच देतात, मीही तेच दिलं होतं, की नॅनोकण लवकर वितळतात. हे खरंच आहे. १९०९ मधे पावलोव्हने कागदावर हिशोब मांडला होता की कण लहान झाला की त्याचा मेल्टिंग पॉइंट खाली येणार, आणि १९७६ मधे बुफा आणि बोरेल यांनी सोन्याच्या कणांवर ते मोजून दाखवलं. कारणही समजायला अवघड नाही. २ नॅनोमीटरच्या कणात साधारण २५० अणू असतात आणि त्यातले निम्म्याहून जास्त पृष्ठभागावर असतात, म्हणजे त्यांना सगळ्या बाजूंनी शेजारी नाहीत, ते अर्धवटच बांधलेले आहेत. २० नॅनोमीटरच्या कणात अडीच लाखांच्या आसपास अणू असतात आणि पृष्ठभागावरचे दहा टक्क्यांच्याही आत. त्यामुळे २० वाला कण जवळजवळ मोठ्या सोन्यासारखाच वागतो, आणि २-३ वाला शेकडो अंश आधीच वितळतो. पण शेकडो अंश खाली आलं तरी ते ७० पर्यंत नाही येत! कितीही ओढूनताणून हिशोब केला तरी नाही. म्हणजे माझ्या फ्लास्कमधे सोनं वितळलेलं नव्हतं, दुसरंच काहीतरी झालं होतं.

ही गोष्ट नीट कळायला मला बरेच दिवस लागले. आपण "कण उष्णतेला टिकला" किंवा "टिकला नाही" असं म्हणतो तेव्हा चार वेगवेगळ्या गोष्टी एकाच शब्दात कोंबतो. कण वितळू शकतो, तो क्वचित होणारा प्रकार. दोन कण एकमेकांना भिडून एकजीव होऊ शकतात, आणि त्यासाठी वितळायची गरजच नसते, पृष्ठभागावरचे अणू इकडून तिकडे सरकू शकले की पुरे. कणाचा आकार बदलू शकतो, सळईचा गोळा होतो. आणि चौथं म्हणजे कणांना काहीही न होता ते नुसते एकमेकांना चिकटून द्रवातून खाली बसू शकतात. या चारही गोष्टींचं तापमान वेगळं, कारण वेगळं, आणि शेवटच्या तीन गोष्टींमधे कण कुठल्या रेणूने झाकलाय यावर जवळजवळ सगळं ठरतं.

अणू सरकण्याबद्दल कॅटॅलिस्टवाल्या, म्हणजे रासायनिक क्रिया वेगाने घडवणाऱ्या पदार्थांवर काम करणाऱ्या, लोकांकडे एक जुना ठोकताळा आहे, टॅमन तापमान म्हणतात त्याला. धातूचा मेल्टिंग पॉइंट केल्विनमधे घ्या आणि निम्मा करा, तिथपासून आतले अणू बऱ्यापैकी हलायला लागतात. सोन्यासाठी १३३७ केल्विन, त्याचे निम्मे ६६८, म्हणजे सुमारे ३९५ अंश सेल्सिअस. पृष्ठभागावरच्या अणूंसाठी निम्म्याऐवजी ०.३ ने गुणतात, त्याला ह्यूटिग तापमान म्हणतात, ते येतं १३० अंशांच्या जरा आत. आणि हे मोठ्या सोन्याचे आकडे झाले, २ नॅनोमीटरच्या कणाला याहून कमीच लागणार. म्हणजे उघडे, बिनपांघरुणाचे दोन सोन्याचे कण एकमेकांना टेकले तर रूमच्या तापमानालाही त्यांना एक व्हायचंच असतं, पाऱ्याचे दोन थेंब शेजारी आले की जसे पटकन एक होतात तसं. त्यांना थांबवतंय कोण? फक्त ते पांघरूण.

हे मी एकदा डोळ्यांनी बघितलंय, टीईएमवर, म्हणजे इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपवर. दोन काळे ठिपके, मधे जेमतेम दीड-दोन नॅनोमीटरची फिकट फट, ती फट म्हणजे दोन्ही बाजूंच्या थायोलच्या शेपट्या एकमेकींत गुंतलेल्या. बीम तिथेच रोखून ठेवला तर काही वेळाने फट एका जागी अंधुक होते, मग तिथे एक बारीकसा पूल तयार होतो, पूल जाड होत जातो, डमरूसारखा आकार दिसतो, मग शेंगदाण्यासारखा, आणि बघता बघता एकच ठिपका राहतो. तिथे तापमान फार चढलेलंही नसतं, इलेक्ट्रॉन बीमने थायोल जाळले म्हणून झालं ते. त्यामुळे तो उष्णतेचा प्रयोग म्हणून मोजता येत नाही, पण पांघरूण गेलं की सोनं किती तयारच बसलेलं असतं ते त्यात लख्ख दिसतं. (आणि म्हणूनच टीईएमच्या फोटोत मोठे कण दिसले तर आधी विचारायचं की हे सँपलमधे होते का बीमने केले.)

तर मग थायोल सुटतो कधी? सोनं आणि सल्फर यांची पकड चांगली घट्ट असते, मोलमागे ४० ते ४५ किलोकॅलरी, म्हणजे खऱ्या रासायनिक बंधाच्या जवळ जाणारी. थायोल सुटताना बहुतेक वेळा एकटा सुटत नाही, शेजाऱ्याला बरोबर घेतो, दोन सल्फर एकमेकांना जोडले जातात आणि डायसल्फाइड होऊन दोघं निघून जातात. टीजीएमधे, म्हणजे सँपल तापवत तापवत त्याचं वजन मोजायच्या मशीनमधे, हे छान दिसतं. २ नॅनोमीटरचे डोडेकेनथायोलवाले कण घेतले तर एकूण वजनाचा साधारण चौथा हिस्सा नुसतं पांघरूण असतं, कण एवढे लहान की कपड्याचं वजन माणसाच्या वजनात धरावं लागतं. आलेख बराच वेळ आडवा जातो, मग दोनशेच्या अलीकडे-पलीकडे एकदम घसरतो आणि शेवटी फक्त सोन्याचं वजन उरतं. साखळी लहान असेल, चार किंवा सहा कार्बनची, तर घसरण लवकर सुरू होते, अठरा कार्बनची असेल तर उशिरा, कारण शेपट्या लांब असल्या की त्या एकमेकींना धरून ठेवतात. सल्फरची पकड तीच, शेजाऱ्यांचा आधार वाढलेला.

म्हणजे बघा, हा रेणू १५० पर्यंत सहज टिकायला हवा होता आणि माझा फ्लास्क गेला ७० ला. गाईड मॅडमना फ्लास्क दाखवला तर त्यांनी तापमान विचारलंच नाही आधी. म्हणाल्या, "इथेनॉलने किती वेळा धुतलंस?"

एकदाही धुतलं नव्हतं. धुणं रोटाव्हॅपच्या नंतरच असतं, आधी टोल्युइन कमी करायचं, मग भरपूर इथेनॉल ओतून कण खाली बसवायचे. म्हणजे सुकवताना फ्लास्कमधे कण आणि थायोल एवढंच नव्हतं, टेट्राऑक्टाइलअमोनियम ब्रोमाइडही होतं, टीओएबी, जे सुरुवातीला सोन्याला पाण्यातून टोल्युइनमधे उचलून आणायला घालतात आणि जे त्यानंतर कुठे जात नाही, तिथेच राहतं. ब्रोमाइडला सोनं आवडतं. ते पृष्ठभागावर थायोलच्या जागी जाऊन बसतं, पकड त्याच्यापेक्षा पुष्कळ ढिली, आणि अणूंना हलायला वाट करून देतं. पुढे वाचताना कळलं की जपानमधल्या तेरानिशी आणि सहकाऱ्यांनी २००१ मधे हीच गोष्ट मुद्दाम वापरली होती, थायोलवाले लहान कण घन अवस्थेतच तापवायचे आणि तापमानावर ठरवायचं की ते केवढे वाढवायचे. माझ्याकडे अपघाताने झालं ते त्यांच्याकडे पद्धत होती. सगळं टोल्युइन उडवून कोरडं केलं हीसुद्धा चूकच, थोडं शिल्लक ठेवून थांबायचं असतं आणि बाथ ५० च्या वर जाऊ द्यायचा नसतो.

तेवढ्यावर माझं समाधान झालं नाही म्हणून पुढची बॅच केली तेव्हा अर्धी बाजूला काढली. बाथ ४० ला ठेवून टोल्युइन कमी केलं, इथेनॉलने बसवलं, गाळलं, परत टोल्युइनमधे घेऊन परत बसवलं, असं चार वेळा. मग ती कोरडी पावडर काचेच्या व्हायलमधे घालून ओव्हनमधे ७० ला रात्रभर ठेवली. सकाळी टोल्युइन घातलं आणि सगळी पावडर काही सेकंदांत विरघळली, काचेवर काही नाही, यूव्ही-व्हिजिबलमधे, म्हणजे सँपल कुठला प्रकाश शोषतं ते मोजायच्या मशीनमधे, आलेख आधीच्या आलेखावर बरोबर बसला. तेच सोनं, तोच थायोल, तेच ७० अंश. फरक एवढाच की एका सँपलमधे पांघरुणाला भोकं पाडणारा कोणीतरी होता. त्या दिवसापासून "थायोलवाले कण अमुक डिग्रीपर्यंत स्टेबल" असं नुसतं वाक्य कुठे वाचलं की माझं समाधान होत नाही, किती धुतले होते, कोरडे होते की द्रवात, हवेत तापवले की नायट्रोजनमधे, हे लिहिल्याशिवाय तो आकडा अर्धाच आहे. हवेचंही तसंच आहे, ऑक्सिजन सल्फरला हळूहळू सल्फोनेटपर्यंत नेतो आणि सल्फोनेटची सोन्यावरची पकड अगदी मामुली असते, म्हणजे हवेतलं सँपल तेवढ्याच तापमानाला आधी उघडं पडतं.

सायट्रेट नावाच्या दुसऱ्या पांघरुणाची गोष्ट पूर्ण उलटी आहे आणि मला ती फार आवडते. १९५१ मधे टर्केविच आणि सहकाऱ्यांनी जी पद्धत मांडली ती आजही पहिल्या आठवड्यात सगळ्यांना करायला देतात, उकळत्या पाण्यात सोन्याचा क्षार, त्यात सायट्रेट, आणि काही मिनिटांत फिकट पिवळं पाणी आधी रंगहीन होतं, मग करडं-जांभळं, आणि मग वाइनसारखं लाल. कण साधारण १५-२० नॅनोमीटरचे. इथे सायट्रेट सोन्याला घट्ट धरून बसलेलं नसतं, त्याचं काम विजेचं असतं, प्रत्येक कणावर ऋण प्रभार, त्यामुळे कण एकमेकांना जवळ येऊ देत नाहीत. आता गंमत अशी की हे कण जन्मालाच १०० अंशांना आलेले, तेवढ्या उकळण्याने त्यांना काही होत नाही, पण गार झालेल्या लाल सोलमधे, म्हणजे कण तरंगत असलेल्या त्या पाण्यात, मिठाच्या पाण्याचे काही थेंब टाका, डोळ्यांसमोर निळा होतो. मिठातले आयन प्रभाराला झाकून टाकतात, कण जवळ येतात, ५२० नॅनोमीटरजवळचा शोषणाचा पट्टा लांब तरंगलांबीकडे सरकतो आणि लाल जाऊन निळा येतो. म्हणजे उष्णता पचवली आणि मीठ नाही पचलं. आणि याच सोलचे थेंब काचेवर वाळवून फिल्म केली की सगळं बदलतं, पाणी गेलं, प्रभाराचा दरारा गेला, कण अंगाला अंग लावून बसले, आणि मग दोन-तीनशे अंशांत ती फिल्म एकजीव होऊन सोनेरी दिसायला लागते. वीस नॅनोमीटरचा कण वितळायला कितीतरी जास्त लागतं, तरीही.

मीठ वापरून पांघरूण जोखायची कल्पना जुनी आहे. झिगमाँडीने, ज्याला १९२५ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, त्याने गोल्ड नंबर काढला, १० मिलिलीटर लाल सोलमधे १० टक्क्यांचं १ मिलिलीटर मिठाचं पाणी घातल्यावर रंग बदलू नये म्हणून संरक्षक पदार्थ किती मिलिग्रॅम लागतो तो आकडा. जिलेटिनचा ०.००५ ते ०.०१ इतका कमी, म्हणजे चिमटीतही न येणारं जिलेटिन पुरतं. कॉलेजात हे मी पाठ केलं होतं आणि परीक्षा झाल्यावर विसरले होते. उष्णतेसाठी असा एक साधा, सगळ्यांना मान्य असलेला आकडा आपल्याकडे नाही याचं मला वाईट वाटतं, म्हणून प्रत्येक पेपर आपापली पट्टी घेऊन येतो.

पॉलिमरचं पांघरूण घातलं, पीव्हीपी किंवा पीईजी, की कणांमधलं अंतरच वाढतं, जाड गादी मधे येते. पीईजीच्या टोकाला थायोल लावला की पकडही मिळते आणि गादीही, त्यामुळे मिठाच्या पाण्यातही ते कण टिकतात, शरीरात वापरायचे कण बहुतेक असेच असतात. पण पॉलिमरचा स्वतःचा स्वभाव असतो तो विसरून चालत नाही. पीनायपॅम म्हणून एक पॉलिमर आहे, ३२ अंशांच्या वर पाण्यातून अंग काढून घेतो, आखडतो. त्याने झाकलेले सोन्याचे कण ३२ च्या पुढे नेले की एकमेकांना चिकटतात, लाल रंग जांभळ्याकडे जातो, कोणी बघितलं तर म्हणेल सँपल गेलं. गार करा, परत लाल. कण एकजीव झालेच नव्हते, नुसते गळ्यात गळे घालून बसले होते. म्हणून रंग बदलला की लगेच "अनस्टेबल" लिहून मोकळं व्हायचं नाही, आधी गार करून बघायचं.

सळ्यांच्या बाबतीत मी अजून शिकतेय. सोन्याच्या नॅनोसळ्या सीटॅब नावाच्या साबणासारख्या रेणूच्या दुहेरी थरात वाढवतात, आणि गोळ्यापेक्षा सळईला उष्णता लवकर बाधते कारण तिच्या टोकांवरच्या अणूंना मधल्या भागाकडे सरकायचं असतं, गोळा होणं हेच तिच्या फायद्याचं. त्यासाठी वितळावं लागत नाही. पण गरम पाण्यात सळ्या आखूड होतात तेव्हा दर वेळी अणू सरकलेले असतात असंही नाही, सीटॅबमधलं ब्रोमाइड, हवेतला ऑक्सिजन आणि थोडं आम्ल एकत्र आलं की ७० अंशांच्या आसपास सोनं टोकापासून चक्क विरघळायला लागतं, टोकाला सीटॅब विरळ बसतो म्हणून सुरुवात तिथून. स्पेक्ट्रममधे दोन्ही प्रकार सारखेच दिसतात, लांब तरंगलांबीचा पट्टा अलीकडे सरकतो. फरक कळायला पाण्यात विरघळलेलं सोनं मोजावं लागतं. ज्या रेणूने सांभाळायचं त्याचाच एक तुकडा कुरतडतोय, हे लक्षात यायला मला एक अख्खा महिना लागला. लेसरने तापवायच्या सळ्यांवर लोक सिलिकाचं कवच चढवतात ते याचसाठी, कडक भिंत असली की सळईला गोळा व्हायला जागाच राहत नाही.

आणि कधीकधी उष्णता आणि थायोल मिळून बिघडवण्याऐवजी सुधारतात. वेगवेगळ्या मापांचे, ओबडधोबड कण घ्या, टोल्युइनमधे जास्तीचा डोडेकेनथायोल घाला आणि ११० अंशांना तासन् तास रिफ्लक्स करा, म्हणजे वाफ गार होऊन परत आत पडेल असं उकळत ठेवा. वाटेल की सगळे मिळून मोठा गोळा होईल. प्रत्यक्षात मोठे कण झिजतात, लहान वाढतात, आणि शेवटी जवळपास एकाच मापाचे, ४-५ नॅनोमीटरचे कण उरतात, इतके सारखे की वाळवल्यावर आपोआप रांगेत बसतात. डायजेस्टिव्ह रायपनिंग म्हणतात याला, क्लाबुंडे यांच्या ग्रुपने २००० च्या सुमारास हे पुढे आणलं. इथे थायोल नुसता पांघरूण नाही, तो सोनं उचलून नेतो आणि आणून ठेवतो, आणि द्रवात त्याचा साठा असल्यामुळे सुटलेल्या प्रत्येक जागेवर दुसरा येऊन बसतो. कोरड्या पावडरीत सुटलेला परत येत नाही. द्रवातला आणि कोरडा आकडा वेगळा का येतो याचं मला पटलेलं सगळ्यात सरळ कारण हेच.

जास्त घट्ट पकड हवी असेल तर दोन वाटा लोकांनी चालून बघितल्यात. एक म्हणजे एका रेणूला एकाऐवजी दोन सल्फर द्यायचे, लिपोइक आम्लासारखे, एक सुटला तरी दुसरा धरून असतो आणि पहिला परत लागेपर्यंत रेणू तिथेच राहतो. दुसरी म्हणजे सल्फर सोडूनच द्यायचा आणि कार्बनने सोनं धरायचं, एन-हेटेरोसायक्लिक कार्बीन. २०१४ मधे क्रडन यांच्या ग्रुपने सपाट सोन्यावर असे थर बसवून दाखवले, ते उकळत्या सॉल्व्हंटमधे टिकले जिथे थायोलचे थर गेले असते. सपाट पृष्ठभागावर जमलं म्हणजे २ नॅनोमीटरच्या गोलाव्यावर तसंच्या तसं जमेल असं नाही, कार्बीन कधीकधी सोन्याचा अणूच बरोबर घेऊन निघून जातं, पण वाट मला आशेची वाटते.

आता इथे एक गोष्ट मला कळकळीने सांगायची आहे, कारण नवीन मुलंमुली प्रोजेक्टला आली की सगळ्यांना सगळ्यात घट्ट लिगंड, म्हणजे पांघरुणाचा रेणू, हवा असतो, टिकाऊ ते चांगलं असं धरून. पण सोन्याची शाई छापून प्लॅस्टिकवर वायर करायची असेल तर? तिथे प्लॅस्टिक वाकडं व्हायच्या आत लिगंड निघून जायला हवा आणि कण एकजीव व्हायला हवेत, म्हणून तिथे लोक मुद्दाम आखूड साखळीचे थायोल घेतात, हेक्सेनथायोलसारखे, आणि माझ्या फ्लास्कमधे जे झालं ते तिथे यश असतं. कॅटॅलिस्टमधे त्याहून अवघड. १९८७ मधे हारुता यांनी दाखवलं की ऑक्साइडवर बसवलेले काही नॅनोमीटरचे सोन्याचे कण कार्बन मोनॉक्साइड शून्याच्या खालच्या तापमानालाही जाळतात, पण ते पृष्ठभाग उघडा असला तरच. थायोल ठेवला तर गॅस सोन्यापर्यंत पोचत नाही, जाळून काढला तर कण मोठे होतात आणि काम थांबतं. २००६ मधे श्यूट यांच्या ग्रुपने त्यावर काढलेला मार्ग मला फार भावला. प्रत्येक कण झिर्कोनियाच्या पोकळ गोळ्यात एकटा बंद केला, गॅस आत-बाहेर जाऊ शकतो, सोन्याचा कण बाहेर पडू शकत नाही, आणि ८०० अंशांना भाजूनही कण तेवढाच राहिला. तिथे पृष्ठभागाला चिकटलेला एकही रेणू नाही, नुसती खोली आहे.

सध्या मी मिश्र पांघरुणावर काम करतेय, एकाच कणावर थोडे आखूड आणि थोडे लांब थायोल. काचपट्टीवर फिल्म करून हॉटप्लेटवर पाच-पाच अंशांनी चढवत बसते, आणि रेझिस्टन्स कुठे कोसळतो ते लिहून घेते. डोळ्यांना रंग बदललेला दिसायच्या आधीच मीटरला कळतं, कण टेकायला लागले की वीज वाहायला लागते. आत्तापर्यंत थोडेसेच आखूड रेणू मिसळले तरी कोसळायचं तापमान बरंच खाली येतंय, मी प्रमाणात येईल असं धरून चालले होते तसं नाही. ब्रोमाइड उरलं नाहीये हे मात्र दर बॅचला तपासून घेते.

तो आरसा चढलेला फ्लास्क बरेच दिवस माझ्या टेबलावर होता. शेवटी फ्यूम हूडमधे नेऊन त्यात अॅक्वा रेजिया (सोनं विरघळवणारं आम्लांचं मिश्रण) घातलं, एक-दोन मिनिटांत झळाळी कडेकडेने मागे सरकत गेली आणि काच स्वच्छ झाली, तळाशी पिवळं पाणी. ते सोन्याच्या वेस्टच्या बाटलीत ओतलं, फ्लास्क धुतला, आणि बाथचा आकडा बघून ४० वर आणला.